मराठी चुलीत घालणारी बाई

खुशालराव : सात दिवस, रश्मी! बत्तीस वर्षं मी हायस्कूलला मराठी शिकवलं. मला सात मिनिटं गप्प बसवायची एकाही मुख्याध्यापकाची हिंमत झाली नाही. आणि तू, माझीच विद्यार्थिनी, नववी ब, खिडकीजवळचा दुसरा बाक—

रश्मी : तिसरा, सर.

खुशालराव : तिसरा. तू माझं खातं सात दिवस बंद करतेस?

रश्मी : तुम्ही वर्गाबाहेर काढायचे तेव्हा कारणही सांगत नव्हते. मी तरी लिहून दिलंय. बसा ना. सांभाळून, तो बाक डुगडुगतो. अकराला माझी गणिताची बॅच आहे, तोवर क्लास आपलाच.

खुशालराव : कारण म्हणे! 'सभ्यतेच्या नियमाचा भंग.' अगं, मी अंगणातलं कुत्रं हाकलतानासुद्धा 'चला, निघा आता' म्हणतो.

रश्मी : आणि बोलकोशावर?

खुशालराव : बोलकोशावर मी शुद्धलेखन तपासतो. सेवा म्हणून. कोणी बोलावलं नाही, कोणी सांगितलं नाही—

रश्मी : ते तर खरंच आहे.

खुशालराव : थट्टा नको. वऱ्हाडी शब्दांचा कोश, इंटरनेटवर, लोकांनीच लिहायचा. कल्पना उत्तम. पण पहिल्याच पानावर तू काय लिहून ठेवलंस? 'कोणीही या, शब्द द्या.' कोणीही या म्हटलं की कोणीही येतं.

रश्मी : बरं, मग वाचा. मोठ्यानं वाचा. 'शब्दरक्षक' म्हणजे तुम्हीच ना?

खुशालराव : चष्मा घरी राहिला.

रश्मी : डोक्यावर आहे, सर.

खुशालराव : हं. 'ज्या नतद्रष्टाने ही नोंद केली त्याने प्रथम बाराखडी शिकावी, मग लाज शिकावी, आणि दोन्ही जमत नसेल तर गुरे राखावीत.' वाक्यरचना बघ. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

रश्मी : पुढे.

खुशालराव : पुढे पूर्णविराम आहे.

रश्मी : पूर्णविरामाच्या पुढे.

खुशालराव : 'अशा अडाण्यांना कोशात शिरू देणे म्हणजे देवघरात ढोर बांधणे होय.' हे... हे थोडं जास्त झालं असेल. पण मी चिडलो कशानं ते बघशील की नाही? त्याच्या वरची नोंद वाच. तूच वाच, माझी जीभ विटाळेल.

रश्मी : 'मराठी. कापूस निघून गेला की मराठी वाळून जाते.'

खुशालराव : ऐकलंस?

रश्मी : 'मग मराठी उपटून काढतात, तिच्या मोळ्या बांधतात आणि चुलीत घालतात.'

खुशालराव : मोळ्या! मायबोलीच्या मोळ्या!

रश्मी : 'ओली मराठी धूर लय करते. डोळ्यातून पाणी येते. म्हणून...' थांबा सर, मला हसू... 'म्हणून थोडी मराठी पावसाळ्यासाठी कोरड्या जागी ठेवून द्यावी.'

खुशालराव : हसतेस? बत्तीस वर्षं ज्या भाषेची भाकरी खाल्ली तिला कोणी टवाळ पोट्टा चुलीत घालतो, आणि मी त्याला काय ओवाळू? हा एकच गुन्हा नाही त्याचा. 'शीतल ताई' ही नोंद बघ. 'कापसाच्या पहिल्या वेचणीला वावरात दहीभात शिंपडतात त्याला शीतल ताई म्हणतात.' कोण ही शीतलताई? काय संबंध तिचा दहीभाताशी?

रश्मी : त्याच्याखाली तुमचा शेरा आहे. 'आपल्या खासगी ओळखीच्या स्त्रियांची नावे कोशात घालू नयेत.'

खुशालराव : चूक आहे का?

रश्मी : सर, तुम्ही मोर्शीकडचे. तुमच्या घरी चाळीस एकर काळी जमीन. पहिल्या येच्याच्या, वेचणीच्या, आधी वावरात दहीभात शिंपायचे त्याला काय म्हणायचे तुमच्याकडे?

खुशालराव : त्याला? त्याला सीतादही. सीता म्हणजे नांगरानं पडलेली रेघ, संस्कृत शब्द आहे. आमची म्हातारी आपली शितादई म्हणायची...

रश्मी : शितादई.

खुशालराव : शितादई. शी... तल... ताई.

रश्मी : आणि कापसाचं झाड? बोंडं वेचून झाली की वावरात उभं राहतं, वाळतं, बाया उपटून मोळ्या बांधतात, चुलीत लावतात, ते?

खुशालराव : पऱ्हाटी.

रश्मी : हो.

खुशालराव : पऱ्हाटी.

रश्मी : आता ती नोंद परत वाचू का?

खुशालराव : नको.

रश्मी : त्या लिहीत नाहीत सर, फोनमध्ये बोलतात. फोन ऐकतो आणि लिहितो. फोनला पऱ्हाटी माहीत नाही. कोणत्या तरी थंड हपिसात बसून शिकवलंय त्याला. त्यानं आपल्या परीनं शुद्ध केलं.

खुशालराव : 'त्या' म्हणजे? बाई आहे?

रश्मी : दुर्गाबाई. अकोल्याच्या. वय बहात्तर. पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकल्या. वाचतात हळूहळू, लिहायला बोटं वळत नाहीत. जन्मभर कापूस वेचला, निंदण केलं. दोन वर्षांत सहाशे चाळीस शब्द दिले त्यांनी. प्रत्येक शब्दाला स्वतःचा आवाज लावला. तुम्ही एकदाही त्या आवाजाचं बटन दाबलं नाही.

खुशालराव : मला वाटलं, कॉलेजचा कोणी... मिसरूड फुटलेला...

रश्मी : तुमच्या शेऱ्याखाली अकरा जणांनी हसायची चित्रं टाकली. ती पण मी काढायला पाहिजे होती, लवकर पाहिलं नाही. माझी चूक. आज बावीस दिवस झाले, आजींचा एक शब्द आला नाही. परवा फोन आला, 'पोरी, माहे सारे शब्द काढून टाक.'

खुशालराव : सगळे? सहाशे चाळीस?

रश्मी : ज्याचे शब्द त्याला परत न्यायचा हक्क आहे, तो नियम मीच केलाय. रविवारपर्यंत थांबा म्हटलंय. म्हणून तुमचं खातं बंद केलं, सर. राग म्हणून नाही. तुम्ही पुढचा शेरा लिहायच्या आत.

खुशालराव : मी माफीपत्र लिहितो. आत्ताच. कागद दे. 'सदर शेरा अनवधानाने लिहिला गेला असून—'

रश्मी : अनवधानाने ढोर बांधलं?

खुशालराव : 'तांत्रिक गैरसमजातून उद्भवलेल्या—'

रश्मी : सर.

खुशालराव : मग काय लिहू?

रश्मी : काही लिहू नका. उद्या रविवार आहे. सकाळच्या गाडीनं अकोल्याला या माझ्याबरोबर.

खुशालराव : समोरासमोर? अगं, मला समोरासमोर रागावता येतं. बाकीचं काही येत नाही.

*

खुशालराव : मूर्तिजापूर आलं वाटतं. बघ, बघ त्या पाटीवर. 'नारळ पाणि'. ऱ्हस्व णि!

रश्मी : तहान लागली की ऱ्हस्व पाणीही चालते, सर. बसून राहा. बस पाचच मिनिटं थांबते.

खुशालराव : माझ्या हाताला खाज सुटते. चूक दिसली की वाटतं, ही मी दुरुस्त केली नाही तर राहूनच जाईल.

रश्मी : दुरुस्त करा ना, कोण नाही म्हणते? वाशीमच्या पंजाबरावांनी माझ्या नोंदी तीनदा बदलल्या. दर वेळी आधी विचारतात, 'ताई, हे असं ऐकलं होतं, तुमच्याकडे वेगळं आहे का?' एकदा तेच चुकले. एकदा मी. तिसऱ्या वेळी दोघंही.

खुशालराव : एवढा गोडवा खऱ्याला कशाला लागतो? दोन आणि दोन चार. ते ओरडून सांगितलं तरी चारच.

रश्मी : माझ्या बॅचमध्ये ओरडून सांगितलं की दुसऱ्या दिवशी पोरगी येतच नाही. मग चार कोणाला सांगू? तुम्ही फक्त एक ओळ लिहायची होती, सर. 'हा शब्द नीट ऐकू आला नसेल का?' मी पाच मिनिटांत सांगितलं असतं.

खुशालराव : हं.

रश्मी : काय पुटपुटून राहिले?

खुशालराव : भाषण पाठ करतोय. 'आदरणीय दुर्गाबाई, वाग्देवतेच्या दरबारात आज मी एक अपराधी म्हणून—'

रश्मी : सर, नारळपाणी प्या तुम्ही. उतरा. पाटीकडे पाहू नका.

*

दुर्गाबाई : जय भीम, जय भीम. ये वं पोरी. दाराशी काय उभी? हे कोन पाव्हने आनले सोबत?

रश्मी : जय भीम, आजी. हे खुशालराव सर. मूळचे मोर्शीकडचे, चाळीस एकराच्या घरचे; आता अमरावतीला. माझे शाळेतले सर. त्यांना तुमच्याशी बोलायचं होतं.

खुशालराव : नमस्कार. आदरणीय दुर्गाबाई, वाग्देवतेच्या दरबारात—

दुर्गाबाई : दरबारात नोका उभे राहू, त्या खुर्चीत बसा. पंखा लावते. हं, आता सांगा. कोनाच्या दरबारात?

खुशालराव : मी विसरलो.

दुर्गाबाई : पानी घ्या.

खुशालराव : बाई, बोलकोशावर 'शब्दरक्षक' नावानं लिहिणारा एक माणूस आहे. त्यानं तुमच्याबद्दल फार वाईट लिहिलं.

दुर्गाबाई : हाये ना. मले पाठ हाये त्याचं.

खुशालराव : तो मी.

दुर्गाबाई : तुमी? थे देवघरात ढोर बांधनारे?

खुशालराव : हो.

दुर्गाबाई : बाप्पा. म्या तं दहा फुटाचा गडी धरला होता. तुमी तं पंख्याच्या वाऱ्यानं उडसान असे दिसता.

रश्मी : आजी...

दुर्गाबाई : थांब वं. पाव्हने हायेत, चाय तं देतेच म्या. शक्कर चालते का?

खुशालराव : अर्धा चमचा.

दुर्गाबाई : म्हंजे एवढा राग काई शक्करनं चढत नसन. (स्टोव्हकडे वळून, पाठमोरीच) सर, एक सांगते तुमाले. तुमी गुरं राखाले लावलं मले. म्या राखले. सहा वर्सं राखले, पाटलाचे. त्यात मले शिवी नाई दिसली. बाराखडी शिक म्हतलं. शिकली म्या, पन्नास वर्साची असतानी, नातीसंगं पाटी घेऊन. त्याचीबी लाज नाई मले.

खुशालराव : बाई, मी—

दुर्गाबाई : बोलू द्या ना. तुमी मास्तर, जन्मभर बोलले. मले लागलं थे वेगळंच. 'कोशात शिरू देनं.' माह्या मायले शाळेच्या ओट्यावर चढू देत नोते. मायचं सोडा, मलेबी मास्तर खिडकीतूनच म्हने, जाय घरी. मंग ह्या पोरीनं सांगतलं का इथं कोनीबी या. म्हतलं, चाला, एक तं घर झालं कोनीबी या म्हननारं. तठीबी दारात तुमीच उभे. कोनाचा कोश, सर? शब्द माहे. माह्या मायचे. अन मलेच शिरू देत नाई? अन थे पिवळे तोंडं. नातीले इचारलं, 'हे पिवळे तोंडं काऊन हासून राह्यले?' थे म्हने, 'आजी, काई नाई, फोन खराब झाला.' पोट्टी लबाड बोलली माह्यासाठी. त्या दिशी म्या फोन पेटीत ठेवून देला.

खुशालराव : माझी चूक झाली. दुसरं काही बोलायला मला येत नाही.

दुर्गाबाई : हे बरं बोलले. थे दरबाराचं नोतं समजलं मले.

रश्मी : आजी, एक विचारू? त्यांनी ज्या नोंदीवर लिहिलं ना, ती तुम्ही वाचली का कधी? फोननं काय लिहिलं होतं ते?

दुर्गाबाई : म्या कायले वाचू? म्याच सांगतलेली. पऱ्हाटी.

रश्मी : फोननं मराठी लिहिलं.

दुर्गाबाई : काय?

रश्मी : पऱ्हाटी म्हटलं, की मराठी. ऐका. 'मराठी वाळून गेली की उपटून काढतात, मोळ्या बांधतात आणि चुलीत घालतात.'

दुर्गाबाई : म्या? म्या मराठी चुलीत घातली?

रश्मी : 'ओली मराठी धूर लय करते.'

दुर्गाबाई : अवं मांय! अवं मांय वं! थांब, चाय उतू जाते... थांब, हासू दे मले... हे मास्तर मराठीचे?

रश्मी : बत्तीस वर्षं.

दुर्गाबाई : अन यायनं सकायी उठून वाचलं, का दुर्गी मराठीच्या मोळ्या बांधून राह्यली!

खुशालराव : चहाचा कप हातातून सुटला होता, बाई. खरंच सांगतो. नवीन सतरंजीवर.

दुर्गाबाई : सुटनच ना! सर, तुमचा राग तं खरा होता मंग. मलेबी आला असता.

खुशालराव : हो ना? मी तेच रश्मीला—

दुर्गाबाई : पन म्या इचारलं असतं पयले.

खुशालराव : हो.

दुर्गाबाई : घ्या चाय. अर्धाच चमचा टाकला.

रश्मी : आजी, मग तुमचे शब्द...?

दुर्गाबाई : थांब, घाई नको करू. सर, थे जे लिवलं तुमी, थे काढून टाकनार का?

खुशालराव : आत्ता पुसून टाकतो. नामोनिशाण ठेवत नाही.

दुर्गाबाई : गुपचूप नोका पुसू. चार लोकात बोलले, तं चार लोकाइले दिसलं पायजे. त्याच्याच खाली लिवा, काय झालं थे. अकरा तोंडं हासले ना, अकराइले वाचू द्या.

खुशालराव : लिहितो. रश्मी, कागद. 'उपरोक्त विषयान्वये—'

दुर्गाबाई : माह्यासारखं लिवा. मले समजन असं.

खुशालराव : तुमच्यासारखं. बरं. 'शब्द पऱ्हाटी आहे. फोनने मराठी ऐकलं. मी न विचारता या बाईंना वाईट बोललो. चूक फोनची होती, त्याहून मोठी माझी. खुशालराव, निवृत्त शिक्षक.' झालं?

दुर्गाबाई : 'निवृत्त' कायले? त्याच्यानं चूक लहान होते का?

खुशालराव : खोडतो.

रश्मी : छान आहे, सर. पण आज टाकता येणार नाही. तुमच्या खात्याचे अजून चार दिवस बाकी आहेत.

खुशालराव : अगं, माफी मागायलाही बंदी?

दुर्गाबाई : कोनं बंद केलं?

रश्मी : मी.

दुर्गाबाई : तं उघड.

रश्मी : नियम आहे, आजी. सरांसाठी मोडला तर उद्या पंजाबरावांसाठीही मोडावा लागेल.

दुर्गाबाई : बरी शिकवली हो तुमी पोरीले. राहू द्या, सर. चार दिवस थांबा. म्याबी तेवीस दिवस थांबली.

खुशालराव : थांबतो. तोवर मी काही तरी करू का? फोनला ऐकू येत नाही, मला येतं. तुम्ही सांगा, मी लिहितो. कागदावर. रश्मी तिच्या खात्यावरून टाकेल.

दुर्गाबाई : म्या सांगन तसं लिवसान?

खुशालराव : अक्षरशः.

दुर्गाबाई : बरं, लिवा. टोंगळा.

खुशालराव : टोंगळा. म्हणजे गुडघा. वास्तविक शुद्ध रूप पाहता—

दुर्गाबाई : म्या शुद्ध इचारलं का?

खुशालराव : नाही.

दुर्गाबाई : मंग? टोंगळा. 'निंदू निंदू माहे टोंगळे गेले.' लिवलं?

खुशालराव : 'निंदून निंदून माझे—'

रश्मी : सर.

खुशालराव : 'माहे.' 'माहे टोंगळे गेले.' हे बघा, लिहिलं. हाताला खाज सुटली पण लिहिलं.

दुर्गाबाई : लय सहन करून राह्यले बिचारे. आता भेद्रं.

खुशालराव : टमाटं. 'भेद्रं.' द ला र जोडून.

दुर्गाबाई : सांबार.

खुशालराव : कोथिंबीर. पुण्याला मी एकदा भाजीवालीला सांबार मागितला. तिनं मला हॉटेलचा रस्ता दाखवला.

दुर्गाबाई : मंग?

खुशालराव : मग मी परत कधी मागितला नाही.

दुर्गाबाई : सर, तुमी कोनते शब्द देले आतापावतर? ह्या कोशात?

खुशालराव : मी? मी दुरुस्त्या करतो. अकराशे बारा केल्या.

दुर्गाबाई : थे लोकाइच्या. तुमचे कोनते?

खुशालराव : माझे... तसा एकही नाही.

दुर्गाबाई : एकबी नाई? मोर्शीकडचे तुमी, चाळीस एकराचे. मायबाप काय मुके होते?

खुशालराव : नाही. माय लय बोले.

रश्मी : सर, तुम्ही 'लय बोले' म्हटलं.

दुर्गाबाई : गप वं. बोलू दे त्याइले. मायचा एक शब्द द्या, सर. एक.

खुशालराव : आठवत नाहीत, बाई. मी विसरायची मेहनत केली. बी.एड.ले पुण्याले होतो. पयल्या दिवशी सरांनी नाव विचारलं, मी म्हतलं, 'मले खुशाल म्हणतात.' सगळा वर्ग हासला. त्या दिवसापासून तोंड घासल्यासारखी भाषा घासली. दिवाळीले घरी आलो. माय चुलीपाशी बसली होती. म्हणे, 'खुशाल, दुधाची खरवडी ठेवली तुह्यासाठी.'

दुर्गाबाई : मंग?

खुशालराव : मी म्हतलं, 'आई, तुह्यासाठी नाही. तुझ्यासाठी.' तिनं ताटली माझ्यापुढे ठेवली. त्याच्यानंतर माझ्याशी बोलतानी थांबत जाय. एखादा शब्द उचलून पाहे अन ठेवून देये. मी घरात आलो की बायाइच्या गप्पा बंद. मले वाटे, मास्तर झालो म्हणून मान देऊन राह्यली. पुढं तेरा वर्सं जगली माय.

रश्मी : सर, पाणी देऊ?

खुशालराव : नको. चहा आहे.

दुर्गाबाई : लिव वं पोरी. खरवडी. अर्थ सांगा, सर.

खुशालराव : दूध तापवलं का गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाशी लागते ते. लालसर राहते. चमच्यानं खरवडून काढा लागते. गोड लागते, अन जराशी जळकी.

रश्मी : वाक्य पण लागते, सर. प्रत्येक शब्दाला एक.

खुशालराव : 'दुधाची खरवडी ठेवली तुह्यासाठी.'

रश्मी : 'तुह्यासाठी'च लिहू ना?

खुशालराव : जसं माय म्हणे तसंच.

दुर्गाबाई : आमच्याइकडं याले खरपुडी म्हनतात. खरवडी म्या कधी आयकलं नाई.

खुशालराव : असन, बाई. तुमचंच बरोबर असन.

रश्मी : मग नोंदीच्या वर कोणता शब्द ठेवू, आजी? एकच ठेवता येतो.

दुर्गाबाई : वर त्याइच्या मायचा ठेव. माहा त्याच्या खाली लिव.